अठ्ठावीस कोपरे

वस्तूवर समीक्षा लिहिता येते काय, असे या अंकाचा एखादा जुना वाचक विचारील. कविता, कथा, नाटक, फार तर चित्र, यांवर लिहावे. खोडरबरावर लिहिण्यासारखे काय आहे? त्याला मी आपल्याच एका शब्दाची आठवण करून देईन. 'घाट' हा शब्द मराठी समीक्षेत कितीतरी वर्षे रुळला आहे. कथेचा घाट, कवितेचा घाट, आशय आणि घाट यांचे नाते यांवर आपण पानेच्या पाने भरली. हा शब्द मुळात वाङ्मयाचा नव्हे. तो तांबटाच्या आळीतून आणि सोनाराच्या दुकानातून आला. घागरीचा घाट, पाटल्यांचा घाट असे आपल्या आज्या म्हणत असत. शब्द आपण उचलला आणि ज्या वस्तूंवरून उचलला त्यांच्याकडे मात्र पाठ फिरवली. तेव्हा आज एका खोडरबराच्या घाटाविषयी लिहिणे हे जुने उसने फेडण्यासारखे आहे.

माझा अधिकार एवढाच की मी वालीवला राहतो आणि साच्यांची ड्रॉइंगे काढण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली आहेत. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने तुंगारेश्वरच्या डोंगराच्या दिशेने निघाले की गाळ्यांची गर्दी सुरू होते. एकाला एक लागून असलेले गाळे. कुणाकडे प्लास्टिकचे मोल्डिंग, कुणाकडे लेथ, कुणाकडे पुठ्ठ्याची खोकी. पश्चिमेची वसई केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांची, किल्ल्याची आणि चर्चची. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पूर्वेच्या वसईवर सहसा कुणी लिहीत नाही. पण तुमच्या घरातल्या डब्याचे झाकण, बाटलीचे बूच किंवा मुलाच्या पेनाची टोपी यांतले काहीतरी इथूनच गेलेले असण्याचा संभव आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका शेठजींनी माझ्यापुढे एक खोडरबर ठेवले. पांढरे, बोटभर लांब, आणि भलत्याच आकाराचे. लहान लहान ठोकळे एकाआड एक जोडावेत आणि मधल्या जागा मोकळ्या सोडाव्यात, तसे ते दिसत होते. मुंबईच्या बाजारातून आणलेले ते सॅम्पल होते. "असाच माल पाहिजे, पण स्वस्तात," एवढीच मागणी. आमच्या धंद्यात बहुतेक कामांचा आरंभ असा सॅम्पलपासूनच होतो.

साचा करणारे मिस्त्री तिथेच उभे होते. साठीला आलेले गृहस्थ; शिक्षण सातवीपर्यंतचे, पण पोलादावरून बोट फिरवून खरखरीचा अंदाज अचूक सांगतील असे. त्यांनी ते रबर उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, होईल. पण ह्याचे दोन फाळे सरळ रेघेत मिळायचे नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांनी मिळवावे लागतील. वेळ लागेल." शेठजींना वेळ नव्हता. जूनमध्ये शाळा उघडणार होत्या. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "खाचा थोड्या भरून घ्या, कोपरे गोल करा. माल पटापट सुटला पाहिजे. पोरांना काय कळतंय?"

मी खाचा भरल्या, कोपरे गोल केले, ड्रॉइंग दिले आणि पैसे घेतले. माल निघाला, रंगीत निघाला, आणि खपला. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट वस्तू बाजारात मार खाते अशी एक भाबडी समजूत आपल्या लेखनात असते.

त्यातले एक रबर मी घरी आणले होते. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. एके संध्याकाळी ती शुद्धलेखन सुधारीत बसली होती. बाईंनी एका जादा अनुस्वाराभोवती लाल गोल काढला होता; तेवढाच तिला खोडायचा होता. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपले कितीतरी अनुस्वार खोडून टाकले, पण उरलेल्यांनी पोरांचा छळ करावयाचा सोडलेला नाही. तिने माझे रबर टेकवले आणि अनुस्वाराबरोबर शेजारची वेलांटीही गेली, शिरोरेघेचा तुकडाही गेला. तिने रबर फिरवून पाहिले. कुठल्याही बाजूने ते गोलच होते. "बाबा, ह्याला टोकच नाही," ती म्हणाली.

त्या वाक्याने मला प्रथम कळले की मी कशाची नक्कल केली होती आणि कशाची केली नव्हती.

ते सॅम्पल 'कादोकेशी' या जपानी खोडरबराचे होते. कादो म्हणजे कोपरा. हिदेओ कांबारा या रचनाकाराने कोकुयो या कंपनीच्या 2002 च्या स्पर्धेत ती कल्पना मांडली आणि 2003 मध्ये वस्तू बाजारात आली. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. साध्या खोडरबराला 8 कोपरे असतात. नवे रबर हाती आले की प्रत्येक मूल आधी कोपऱ्याने खोडते, कारण बारीक खोडायचे तर कोपराच लागतो. आणि ते आठ झिजले की रबराचा तो कोरेपणाचा आनंद संपतो. कांबारांच्या रबराला 28 कोपरे आहेत. एक झिजला की दुसरा पुढे येतो. मला जी गंमत वाटली होती, ती एका प्रश्नाचे उत्तर होती. आणि मी उत्तराची आकृती ठेवून नेमका प्रश्न पुसून टाकला होता. खाचा भरलेले, कोपरे घासलेले ते माझे रबर म्हणजे वृत्त सांभाळून अर्थ गाळलेली कविता होती. अशा कविता आपण नित्य वाचतो आणि त्यांना नावे ठेवतो. मी एक लिहिली होती, पोलादात.

यानंतर मला या जपानी लेखनसाहित्याचा नादच लागला. मुंबईला गेलो की दुकाने धुंडाळीत असे. या नादात मला आणखीही रसिक भेटले, आणि त्यांचे बोलणे ऐकून मी अस्वस्थ होऊ लागलो. त्यांच्या लेखी या सर्व वस्तूंचे रहस्य एका शब्दात सामावलेले असे: साधेपणा. मागोमाग झेन येई, अपूर्णतेतले सौंदर्य येई. 2016 मध्ये मुंबईत मुजीचे दुकान उघडले तेव्हा तर हे बोलणे फारच वाढले. मुजी म्हणजे 'मुजिरुशी र्‍योहिन', बिनछापाच्या चांगल्या वस्तू. 1980 साली अवघ्या 40 वस्तूंनी सुरू झालेल्या या दुकानाचा हेतू मोठा व्यवहारी होता: छापाचे आणि वेष्टणाचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? आपण त्या काटकसरीचे तत्त्वज्ञान केले आणि बिनछापाच्या वहीसाठी छापाच्या वहीहून अधिक पैसे मोजू लागलो.

जपानी वस्तूंचे मर्म साधेपणात आहे हे मला पटत नाही. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची 'कुरु तोगा' ही 2008 सालची शिशाची पेन्सिल घ्या. बाहेरून ती इतर पेन्सिलींसारखीच. आत मात्र दातेरी चक्रे आहेत. टोक कागदावर टेकून उचलले की दर वेळी शिसे 9 अंशांनी फिरते. 40 वेळा उचलले की त्याची एक फेरी पूर्ण होते. त्यामुळे शिसे एका बाजूने झिजून सपाट होत नाही, चहूबाजूंनी झिजून टोकदार राहते. याला कुणी साधे म्हणू नये. हे चांगलेच गुंतागुंतीचे यंत्र आहे, आणि ती गुंतागुंत लिहिणाऱ्याच्या वाट्याला येऊ दिलेली नाही, इतकेच. चांगल्या कथेतला लेखकाचा खटाटोप वाचकाला दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पण कुरु तोगाने मला याहून महत्त्वाची एक गोष्ट शिकवली. ती पेन्सिल जपानी लिपी लिहिताना मनासारखी चालते, कारण त्या लिपीत एकेका अक्षरात अनेक तुटक फटकारे असतात आणि टोक सारखे उचलले जाते. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत तिला फिरण्याची संधी कमी. आणि आपल्या लिपीत? अक्षरे लिहिताना ती फिरते. गाठ काढली, उचलली, दंड दिला, उचलली. मग शब्द पुरा होतो आणि आपण वर शिरोरेघ ओढतो. त्या सबंध लांबीत टोक उचलले जात नाही. चक्रे स्वस्थ बसतात आणि शिसे एका अंगाने झिजते. ही कुणाची चूक नव्हे. त्यांनी आपल्या मुलांचा लिहिता हात पाहिला आणि त्याला शोभेल असे साधन केले. शिरोरेघ ओढणारा हात पाहावयाचे काम आपले होते. कधीकाळी ते आपण केलेही होते. बोरूचा तिरपा काप आपल्या अक्षराच्या जाड-बारीक वळणासाठीच देत असत, आणि कित्ता गिरवणाऱ्या पोराला आधी तो काप द्यावयास शिकवीत.

म्हणूनच जपानी वस्तूंपुढे सरसकट लोटांगण घालणेही मला मान्य नाही. पायलट कंपनीचे 'फ्रिक्सिऑन' पेन 2006 साली प्रथम युरोपात विकावयास आले. त्याची शाई घासल्याने तापते आणि 60 अंशांच्या आसपास रंगहीन होते. रोजनिशीत भेटींच्या वेळा बदलणाऱ्या माणसाला हे वरदान आहे. पण वैशाखात उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत, काचेपाशी राहिलेल्या वहीवरचा मजकूर याच गुणाने नाहीसा होऊ शकतो; मग ती वही फ्रीजरमध्ये ठेवून अक्षरे परत बोलवावी लागतात. शिवाय ज्या समाजात सहीला आणि हिशेबाला शाई लागते ती मुळी खोडता येऊ नये म्हणूनच, तिथे खोडता येणाऱ्या शाईचे स्थान कोणते, हाही प्रश्न आहेच. वस्तूलाही हवा-पाणी आणि रीतिरिवाज असतात. शिवाय हेही सांगितले पाहिजे की जपानी दुकानांतली ही विपुलता स्वतःच एक व्यसन आहे. एक पेन चांगले असताना नवे पेन काढावयाचे, ते कागदात, पिशवीत, पुन्हा कागदात गुंडाळावयाचे. बिनछापाच्या देशात वेष्टणाचा एवढा सोस का, हे कोडे मला उलगडलेले नाही.

इथे कुणी म्हणेल, जपान श्रीमंत आहे, त्याला हे चोचले परवडतात. वालीवच्या गाळ्याला हे सांगून काय उपयोग? या आक्षेपाला मी वालीवच्याच टेबलावरून उत्तर देतो. इथल्या प्रत्येक पॅकिंगच्या टेबलावर एक कटर असतो. पात्यावर आडव्या तिरप्या रेघा असलेला, बोथट झालेला तुकडा मोडून टाकला की नवी धार देणारा. ती कल्पना ओसाकातल्या एका छापखान्यात कागद कापणाऱ्या योशिओ ओकादा या माणसाची. पात्याचे फक्त टोक बोथट होते आणि सबंध पाते फेकावे लागते, हे त्याला सलत होते. चांभार काच फोडून तिच्या नव्या धारेने तळवे खरवडीत, ते त्याने पाहिले होते. अमेरिकन सैनिकांकडची, रेघांवर मोडणारी चॉकलेटची वडी त्याला आठवत होती. या दोन आठवणींतून 1956 साली मोडत्या पात्याचा कटर जन्मला. 'ओरु' म्हणजे मोडणे आणि 'हा' म्हणजे पाते. पुढे त्यावरूनच ओल्फा हे नाव झाले. त्या वेळी जपान श्रीमंत नव्हता. युद्धात बेचिराख झाल्याला पुरती अकरा-बारा वर्षेही लोटली नव्हती. आणि ओकादा कुणी कलावंत नव्हता, तो टेबलावरचा कामगार होता.

जपानचा त्या काळचा लौकिकही आठवावा. आपल्या आजोबांच्या पिढीत 'जपानी माल' हे शब्द टिकाऊ वस्तूबद्दल उच्चारीत नसत. परदेशी मालाची नक्कल केल्याचे आरोप जपानवर होत होते, आणि ते निराधार नव्हते. 1957 साली तिथल्या व्यापार-उद्योग खात्याने चांगल्या रचनेच्या वस्तूंना 'जी' ही खूण देण्याची पद्धत सुरू केली, तिच्यामागे हा डाग पुसण्याचीही इच्छा होती. तेव्हा नक्कल हा कुणाचा स्वभाव नसतो. तो एक मुक्काम असतो. आपला मुक्काम इतका का लांबला, एवढेच विचारावयाचे.

हातपाय आपणही हलवले होते. 1931 साली दांडेकरांनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तो शाईच्या पुडीने आणि वडीने. मला ती पुडी नेहमीच मोठी चतुर वाटत आली आहे: पाणी गावोगाव आहेच, मग बाटल्या भरभरून पाणी कशाला धाडावयाचे? कांबारा किंवा ओकादा यांनी विचारावा तसाच हा प्रश्न आहे. 'कॅमल इंक'चे कॅमलिन झाले, आणि पुढे त्यांच्या पत्र्याच्या कंपासपेटीने आमच्या पिढीचे सबंध शालेय जीवन सामावून घेतले. झाकणाच्या आत वेळापत्रक, कोनमापकाखाली आईने दिलेली नोट. सुभाष दांडेकरांच्या काळात चित्रकलेचे रंग घरोघरी गेले. ते 2024 मध्ये वारले. त्याआधीच, 2011 साली, त्या कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोने घेतला होता. कोकुयो म्हणजे तीच, कादोकेशीवाली. आमच्याच पालघर जिल्ह्यात तारापूरला कॅमलिनचा कारखाना आहे. जपानी रचना आणि मराठी शाई यांची गाठ अशी आमच्या दारातच पडली, आणि मराठी साहित्यात तिची कुठे नोंद झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिक्षणाची सोयही झाली. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या तांब्याच्या, म्हणजे लोट्याच्या, घाटाचे मोठे मार्मिक विवेचन केले होते. 1961 मध्ये अहमदाबादला संस्था निघाली, 1969 मध्ये पवईला आय. आय. टी.त रचनाशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. तिथून उत्तम माणसे बाहेर पडली. पण पवई आणि वालीव यांच्यामध्ये एक जंगल आणि एक खाडी आहे, आणि माझ्या एवढ्या वर्षांत ती ओलांडून त्यांपैकी कुणी आमच्या मिस्त्रींशी बोलावयास आलेला मी पाहिला नाही. ज्याला प्रश्न पडतो त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापुढे सॅम्पल आहे. पायऱ्या-पायऱ्यांनी फाळे मिळवावयाची मिस्त्रींची तयारी होती. ते कोपरे त्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते त्यांचे म्हणणे ऐकून घेणे. आणि त्या दिवशी न ऐकणाऱ्यांत शेठजींइतकाच मीही होतो.

आपण वस्तूंना मान देत नाही असे मात्र नाही. दसऱ्याला वालीवच्या गाळ्यागाळ्यांत मशिनांना झेंडूच्या माळा घालतात, लेथला कुंकू लावतात. लक्ष्मीपूजनाला कोऱ्या वहीवर गंध-अक्षता वाहतात. जपानातही मोडलेल्या सुयांचा एक सण आहे. वर्षभर राबलेल्या सुया त्या दिवशी मऊ तोफूत खोचून त्यांना निरोप देतात. हा भाव दोन्हीकडे सारखाच कोवळा आहे. फरक दुसऱ्या दिवशी पडतो. कोकुयोचा आरंभही 1905 साली ओसाकात हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टणे करण्यापासूनच झाला. वहीला नमस्कार आपणही केला. ती उघडी ठेवताना मधोमध का मिटते, हे विचारावयाचे मात्र राहून गेले. पूजा झाली की लक्ष दिल्याचे समाधान मिळते, आणि लक्ष देणे बाजूलाच राहते, अशी मला शंका आहे.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या गाळ्यात गेलो होतो. दिवाळीच्या मालाची घाई होती. पॅकिंगच्या टेबलावर आठ-दहा बाया खोकी बंद करीत होत्या. त्यांतल्या एकीच्या कटरच्या मुठीला जुन्या ओढणीची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. मी कारण विचारले. ती मान वर न करता म्हणाली, "घामाने सटकतं, दादा. आणि इथं अंगठ्याला रुततं." शेजारणीच्या कटरवरही तशीच चिंधी होती, फक्त गाठ डावीकडे, ती डावखोरी होती.

ओकादाने मोडते पाते दिले, त्याची नक्कल करणाऱ्याने निसरडी मूठ दिली, आणि त्या मुठीवरची समीक्षा या बाईने ओढणीच्या चिंधीत लिहून ठेवली. मी खिशातून टेप काढून चिंधीची रुंदी आणि अंगठ्याची जागा मोजून घेतली. बाया हसू लागल्या. कुणाची ऑर्डर नाही, कुणाचे सॅम्पल नाही, तरी घरी येऊन मी त्या मुठीचे ड्रॉइंग काढावयास बसलो आहे. ते पुरे झाले की आधी मिस्त्रींना दाखवीन, आणि या खेपेला ते काय म्हणतात ते ऐकेन.